दीडशहाणं पातं

आधी माझा गुन्हा सांगून टाकतो. म्हणजे पुढं दाजींची जी निंदा करायची आहे, ती करायला तोंड मोकळं.

गुरुवारी सकाळी दाजी कामाला निघाले. उंबरठ्यात चपला घालता घालता म्हणाले, "मेव्हणेबुवा, उद्या मला ते दीडशहाणं लागणार. पेटीत आहे. तेवढं बघून ठेवा." आणि गेले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचा नवरा, धंद्यानं सुतार. पेटी म्हणजे त्यांच्या रंध्याच्या पात्यांची. आणि मेव्हणेबुवा म्हणजे मी. शिकलेला, बिनकामाचा, चार महिने बहिणीच्या घरी राहून नोकरीच्या जाहिरातींभोवती पेनानं गोल काढणारा.

पेटी उघडली. तेलकट फडक्यांत गुंडाळलेली तीन पाती निघाली. मी तालुक्याच्या शाळेत भूमितीत पैकीच्या पैकी मिळवलेला माणूस. त्या वेळचं कोनमापक अजून बाळगून आहे. पात्याच्या टोकाशी जी उतरण असते, जिच्या शेवटी धार येते, तिचा कोन मोजला. पहिलं पातं चोवीस अंश, दुसरं तीस. तिसरं चक्क बेचाळीस! धार कसली, घसरगुंडी होती. दाजींच्या धार लावायच्या नव्या दगडाच्या खोक्यावर स्पष्ट छापलं होतं: रंध्याच्या पात्याला पंचवीस अंश. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जे ऐकत नाही त्या प्रत्येकाला दाजी दीडशहाणा म्हणतात. मोरीतल्या नळाला म्हणतात, शेजाऱ्याच्या कोंबड्याला म्हणतात, मला तर रोज म्हणतात. म्हणजे हे पातं बिघडलेलं आहे, आणि 'बघून ठेवा' म्हणजे वठणीवर आणून ठेवा.

परसात धार लावायचं हातानं फिरवायचं चाक आहे. ताईला म्हटलं, "जरा फिरव."

"यांना विचारलंस का?"

"त्यांनीच सांगितलंय."

ताईनं पीठ लागलेल्या हातानं चाक फिरवलं, मी पातं धरलं, मधून मधून पाण्यात बुडवलं. दुपारचं जेवण दोघांनीही उभ्यानं उरकलं. चार तास! मग दगडावर घासलं, मनगटावरचे केस उडतात का बघितलं. उडाले. कोनमापक लावलं. पंचवीस, ना एक कमी ना एक जास्त. फडक्यात गुंडाळून ठेवलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा या घरात काहीतरी उपयोगाचं केल्याच्या समाधानात झोपलो. याला आमच्या शाळेत हात दाखवून अवलक्षण म्हणत. आम्ही त्याचा वाक्यात उपयोगही करत असू.

आता दाजी.

दाजी सातवीत नापास झाले. त्यांच्या म्हणण्यानुसार गुरुजी नापास झाले. पंधराव्या वर्षी एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली लागले, आणि त्या मिस्त्रींनी त्यांना दोन वर्षं लाकडाला हातच लावू दिला नाही. फक्त पाती घासायला दिली. तिसऱ्या वर्षी मिस्त्री वारले. म्हणजे धारेपुरतं दाजींचं शिक्षण संपूर्ण झालं आणि बाकी सगळं पुढं ज्याचं त्याचं लाकूड शिकवील तसं. या अर्धवट गुरुकुलाचा दाजींना इतका अभिमान, की जगाचे ते दोनच भाग करतात: ज्यांना धार कळते ते, आणि गर्दी. पहिल्या भागात सध्या एकटेच आहेत. मिस्त्री होते, पण गेले.

पहिली नोकरी दारांच्या कारखान्यात. दिवसाला दोन दारं उतरायची. दाजी सकाळी दगड मांडायचे, दुपारी जेवणाची घंटा झाली की पातं रंध्यात बसवायचे. महिन्याभरात कारखान्याचं दार त्यांना बाहेरून दिसलं. दुसरी नोकरी यंत्रांचे सुटे भाग पाठवायच्या खोक्यांची. तिथं हे खोक्याच्या फळ्या आतून रंधत बसले. मालक म्हणाला, "अहो, आत कोण बघणार?" दाजी म्हणाले, "खोक्याला कळतं." मालकाला जे कळलं ते त्यानं संध्याकाळी कळवलं.

ही गोष्ट दाजी स्वतः सांगतात, आणि मान ताठ करून सांगतात. ऐकणाऱ्यानं खोक्याच्या बाजूनं असावं अशी अपेक्षा असते.

घरात या महान कारागिराची खूण म्हणाल तर स्वयंपाकघरातला खण. आठ वर्षांपूर्वी बसवला, आठ वर्षांपासून अर्धाच उघडतो. ताईनं विचारलं की उत्तर ठरलेलं: "लाकूड अजून मुरतंय." मागचं दार पायानं ढकलल्याशिवाय लागत नाही, तेही मुरत असावं. भाजीच्या सुरीला धार लावणं दाजींना कमीपणाचं वाटतं. एकदा ताईनं फार मागं लागून लावून घेतली, तर इतकी पातळ लावली की पहिल्याच गाजराला तिचा तुकडा पडला. दाजी म्हणाले, "गाजर चुकीचं धरलंस."

"या माणसाच्या घरात," ताई मला म्हणाली, "भाजी दातानं चिरावी लागते."

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. दाजींचं खरं वेड म्हणजे कोन. त्याला ते कोन म्हणत नाहीत आणि अंश हा शब्द तर त्यांना शिवीसारखा लागतो. "अंश तापाला असतात, मेव्हणेबुवा!" त्यांचं माप निराळं. कागदाच्या पट्टीवर पात्याची जाडी घ्यायची. ती एक. मग उतरण त्या जाडीच्या कितीपट लांब आहे ते त्याच पट्टीनं बघायचं. दुप्पट असेल तर ते पातं 'दुणं'. अडीचपट असेल तर 'अडीचकी', पातळ उतरणीचं, मऊ लाकडाचं. दीडपट असेल तर 'दिडकी'. उतरण जितकी आखूड तितकी उभी, हा हिशेब. अपूर्णांकांचे हे जुने पाढे, पावकी, निमकी, दिडकी, आमच्या पिढीनं फक्त आजोबांच्या तोंडून ऐकले. दाजी सातवीत गटांगळ्या खाल्लेले असले तरी हे पाढे त्यांना झोपेतही येतात. आणि दिडकीचं पातं त्यांचं सगळ्यात लाडकं, म्हणून त्याचं लाडाचं नाव दीडशहाणं.

कळलं ना आता? मलाही कळलं, पण शुक्रवारी. या विषयावर दाजींनी चार महिन्यांत मला किमान दहा व्याख्यानं दिली असतील. मी डोळे उघडे ठेवून झोपायला शिकलो होतो.

दीडशहाण्याचं काम काय, तेही सांगतो, कारण सगळी भानगड तिथंच आहे. नेहमीच्या रंध्यात पातं पालथं बसतं, उतरण खाली. तिथं उतरण थोडी कमीजास्त झाली तरी लाकडाला पत्ता लागत नाही. पण दाजींकडे एक बुटका लोखंडी रंधा आहे, त्यात पातं जवळजवळ आडवं आणि उताणं झोपतं, उतरण वर. तिथं लाकूड सरळ त्या उतरणीवरच चढतं. उतरण लांब आणि निजलेली असेल तर पातं लाकडाच्या रेषेखाली, म्हणजे तंतूंखाली, घुसून कपच्या उचकटतं. उभी असेल तर रेषा वर उठायच्या आत तिला कापतं. ज्या लाकडाच्या रेषा एक वीत इकडं आणि एक वीत तिकडं धावतात, त्याला दिडकीशिवाय इलाज नाही. त्या बेचाळीस अंशांसाठी दाजींनी बारा वर्षं जपलेलं पातं मी पंचवीसवर आणून, तेल लावून, गुंडाळून ठेवलं होतं.

आता दाजींचा हल्लीचा कारखाना. कारखाना म्हणजे एक लांब खोली, वर पत्रा, एका टोकाला मालकीणबाईंचं काचेचं खोपटं, दुसऱ्या टोकाला मोठी खिडकी. त्या खिडकीखाली दाजींचा बाक. उजेड डावीकडून आडवा येतो, फळीवरचा केसाएवढा उंचवटाही सावली टाकतो. दाजींच्या आयुष्यात नवऱ्याची म्हणून जी काही माया असेल ती त्या बाकावर खर्च झालेली आहे.

समोरच्या बाकावर दुसरा सुतार. त्याचं नाव मला आजतागायत कळलेलं नाही. दाजी त्याला पाचमिनिटे म्हणतात, म्हणून सगळेच म्हणतात. कारण तो पातं पाच मिनिटांत लावून कामाला लागतो. कसं? अख्खी उतरण घासत बसत नाही. पातं किंचित वर उचलतो आणि अगदी टोकाला, नखाच्या कडेएवढी, दुसरी छोटी उतरण काढतो. झालं. दाजींच्या धर्मात हे महापाप. उतरण एकच हवी, वरपासून खालपर्यंत आरशासारखी सपाट. त्यासाठी दोन तास लागले तरी लागू देत. पाचमिनिट्याच्या धारेला ते दुमडलेली धार म्हणतात.

"दुमडलेली धार, दुमडलेली जीभ, दोन्ही सारख्याच," दाजी येताजाता ऐकवायचे. "आज एक उतरण, उद्या दोन, परवा जिना बांधशील."

पाचमिनिटे सालपटं काढता काढता म्हणायचा, "मिस्त्री, तुम्ही आरसा करा. मी तोवर टेबल करतो."

पाचमिनिट्याची टेबलं दाजींपेक्षा तिप्पट जातात, हे मालकीणबाईंना माहीत होतं. दाजींनाही माहीत होतं, पण ते गर्दीचं मत.

त्या शुक्रवारच्या आधीच्या महिन्यात मालकीणबाईंनी लाकूड घासून गुळगुळीत करायचं मोठं मशीन बघून ठेवलं. मशीनला उजेड लागत नाही, पण खिडकी लागते, धुळीसाठी. म्हणजे दाजींचा बाक उठणार आणि दाजी मागच्या गोदामात, बल्बखाली जाणार. दाजींनी दोन दिवस काही खाल्लं नाही. ताई म्हणाली, "मी गेले माहेरी तेव्हा चांगले दोन वेळा जेवले होते." मग दाजी खोपट्यात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काहीतरी मागितलं.

मालकीणबाई कडक, पण न्यायी. म्हणाल्या, "मिस्त्री, त्या वाचनालयाच्या टेबलाची फळी आहे. एकसंध, उलटसुलट रेषांची. तिथल्या बाईंना मशीननं घासलेली नको, म्हणतात लाकूड पावडर लावल्यासारखं दिसतं. हातानं रंधून द्या. शुक्रवारी बारा वाजता त्या येतील. पसंत पडली तर बाक तिथंच. फाटली तर सोमवारी मशीन."

म्हणून शुक्रवारी दीडशहाणं लागणार होतं.

शुक्रवारी मीही गेलो. दाजींच्या गुडघ्याला पेटी झेपत नव्हती म्हणून ताईनं मला जुंपलं. वाटेत दाजी खुशीत होते, म्हणजे तीन दुकानांच्या पाट्यांच्या चौकटी आणि बसथांब्याचं बाकडं यांना नावं ठेवून झाली. कारखान्यात गेल्यावर बाह्या सरसावल्या. फळी आधीच बाकावर शिकंज्यात आवळलेली. मी कौतुकानं फडकं सोडलं. दाजींनी पातं घेतलं, अंगठ्याच्या नखावर टेकवून धार चावते का बघितली. चावली.

"हं," म्हणाले, "अशी असते धार."

मी मनात म्हटलं, आपलीच.

उतरणीकडं त्यांनी बघितलंच नाही. एक तर चष्मा घरी. तो लावला तर लोकांना वय कळेल अशी त्यांना भीती आहे, जसं काही लोक आत्ता त्यांना पंचवीसचे समजतात. दुसरं, त्यांचं वचनच आहे: "आपण लावलेली धार जो दुसऱ्यांदा बघतो तो सुतार नव्हे, गिऱ्हाईक." पातं रंध्यात बसलं. पाचमिनिटेही हात थांबवून बघायला लागला. मालकीणबाई खोपट्याच्या दारात.

पहिला हात मारला. सर्रकन आवाज, रंध्याच्या तोंडातून सलग सालपट निघालं, पलीकडचं दिसावं इतकं पातळ. दाजींनी पाचमिनिट्याकडे बघून भुवई उडवली. दुसरा हात, तिसरा. चौथ्या हाताला रंधा फळीच्या मध्यावर गेला, जिथं रेषा उलट्या फिरतात, आणि कागद फाडल्यासारखा आवाज झाला. फळीवर वितभर लांबीत तांदळाच्या दाण्यांएवढे खड्डे उठले. चांगले पंचवीसतीस.

मालकीणबाईंनी चष्मा काढून हातात घेतला. दाजी लगेच बोलले, आणि जे बोलले ते ऐकून नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मला आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली. आधी लाकूड ओलं होतं. मग हवा कोरडी होती. मग शिकंजा कुणीतरी वाकडा आवळला होता. मग पाचमिनिट्यानं नेमकं त्याच वेळी श्वास घेतला.

"मिस्त्री," पाचमिनिटे म्हणाला, "पातं तर बघा."

"पात्याला काय झालंय? बारा वर्षं वापरतोय!"

"तरी बघा की. फुकट आहे बघणं."

दाजींनी पातं काढलं, हात लांब करून, मग अजून लांब करून बघितलं. हात पुरेना तेव्हा खिशातून कागदाची पट्टी काढली आणि बोटांनी चाचपत मापली. एक जाडी. दोन. आणि वर थोडी. परत मापली. त्यांच्या चेहऱ्याचा रंग जुन्या भिंतीसारखा झाला.

"हे कुणी केलं?"

मला पळता आलं असतं. दार जवळ होतं. पण पेटीचं कडं माझ्याच हातात होतं.

"मी. तुम्हीच म्हणालात, दीडशहाणं बघून ठेवा. मला वाटलं, बिघडलंय. नीट केलं. पंचवीस अंश. खोक्यावर लिहिलंय."

"खोक्यावर!"

"हो. दगडाच्या."

"अरे, बघून ठेवा म्हणजे बघून ठेवा! वर काढून ठेवा! त्याला चारी दिशांनी खायला कुणी सांगितलं तुला?" तुम्हीवरून ते तूवर आले, यावरून प्रकरण किती गंभीर ते समजलं. "चार बुकं शिकला आणि पातं खाल्लंस! ताईनं तुला अडवलं नाही?"

"ताईनंच चाक फिरवलं."

यावर त्यांनी पत्र्याकडे बघितलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं त्यांनी त्या पत्र्यालाच सांगितलं.

मालकीणबाई चष्मा पुसत जवळ आल्या. खड्ड्यांवरून बोट फिरवलं. "किती वेळ लागेल?"

दाजी म्हणाले, "अख्खी उतरण परत उभी करायची. चाक घरी आहे. आज संध्याकाळ."

"बाई बाराला येणार. आत्ता दहा झाले."

"मग बारा वाजले आमचे," दाजी म्हणाले. विनोद करायचा नव्हता त्यांना. त्यांचे विनोद नेहमी असेच होतात.

पाचमिनिट्यानं आपला दगड उचलला, त्यावर पाणी टाकलं आणि ठेवला बाकाच्या कडेला. "द्या इकडं पातं. टोकाला उभी बारीक उतरण काढतो. लाकूड पहिल्यांदा टोकालाच भेटतं, मिस्त्री. मागची उतरण कशी का असेना, त्याला काय करायचंय? पाच मिनिटं."

आता हे वाक्य साधं होतं. भूमितीत पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याला ते आधीच सुचायला हवं होतं. पण दाजींच्या चेहऱ्यावरून कळलं, की त्यांना ते फार पूर्वी सुचलेलं होतं. बारा वर्षांपूर्वी सुचलं असेल, वीस असेल, म्हाताऱ्या मिस्त्रींच्या हाताखालीही सुचलं असेल. सुचणं वेगळं. समोरच्या बाकाकडून ऐकणं वेगळं. त्यांनी खिडकीकडे बघितलं. आडवा उजेड फळीवर पडला होता, प्रत्येक खड्ड्याला आपापली सावली होती.

"माझ्या पात्याला दुसऱ्याचा हात लागणार नाही," दाजी म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "परत." मग आवाज इतका खाली गेला की दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या मलाही जेमतेम ऐकू आलं: "दगड दे."

"घ्या. पण मऊ आहे हां. उभं धरून एकाच जागी घासलंत तर चर पडेल. फिरवत घासा."

"मला शिकवतोस?"

"दगडाला सांगतोय."

"पडला चर तर सपाट करून देईन. बास?"

"बास."

दाजींनी आम्हां सगळ्यांकडे पाठ केली. माणूस लाजेचं काम करताना करतो तशी. पातं दगडावर टेकवलं, मनगट उचललं आणि थांबले. नखाएवढ्या उतरणीला कागदाची पट्टी चालत नाही; तिथं ना दिडकी मोजता येते ना अडीचकी. माझं कोनमापक खिशात होतं, पण त्या घडीला ते काढलं असतं तर आज मी हे लिहायला उरलो नसतो. दाजींनी डोळे मिटले. मनगट थोडं वर, थोडं खाली, एकदा आत वळवलं आणि घट्ट धरलं. मग एकाच जागी, एकाच रेषेत, चाळीस वेळा घासलं. फिरवत नाही, अजिबात नाही. सांगितलेलं ऐकायचं नाही एवढं एक तत्त्व शेवटपर्यंत पाळलं.

पातं रंध्यात गेलं. खड्ड्यांवरून पहिला हात फिरला. फाटल्याचा आवाज आला नाही. आला तो कुजबुजल्यासारखा, बारीक. सालपट सलग नव्हतं, चुरमडलेलं होतं, पण खाली लाकूड अखंड. उलट्या रेषा, सुलट्या रेषा, रंध्याला काही फरकच पडेना. अर्ध्या तासात खड्डे गेले, तासाभरात फळी एका पातळीवर आली, आणि साडेअकराला त्या फळीत खिडकी दिसत होती, गजांसकट.

इथं मला दाजींबद्दल एक बरा शब्द लिहावा लागतोय आणि तो मी नाइलाजानं लिहितो: तो उभा कोन त्यांनी नुसत्या मनगटावर धरला होता. मोजमाप नाही, चष्मा नाही, डोळेही मिटलेले. तेवढं सोडलं तर माणूस असह्य आहे.

पाचमिनिट्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं होतं म्हणे. "दगडावर सहा मिनिटं लागली," तो म्हणाला. "पहिलीच वेळ आहे, मिस्त्री. एक मिनिट माफ."

बाराला वाचनालयाच्या बाई आल्या. काटक, घाईतल्या. फळीवर तळहात फिरवला, मध्ये एका जागी थांबला, माझा जीव तिथंच थांबला, मग पुढं सरकला. "घासलेली नाही ना?"

"हात आहे हा," दाजी म्हणाले.

"कधी पाठवता?" एवढंच विचारून बाई गेल्या. मालकीणबाई दाजींच्या बाकाजवळून जाताना खिडकीची कडी नीट लावून गेल्या आणि म्हणाल्या, "मशीन मागं बसेल. भिंत फोडावी लागेल, बघू." दाजी जिंकले होते. बाक राहिला.

तुम्हाला वाटेल, आता माणूस नरमला असेल. सुंभ जळतो हो, पीळ कुठं जातो! संध्याकाळी घरी पोचेपर्यंत दाजींनी सगळा इतिहास नवा लिहून काढला होता. त्यांनी काढली ती दुमडलेली धार नव्हेच. दुमडलेली धार पाचमिनिटे काढतो. त्यांनी काढली ती 'दिडकीची टोपी'. टोपी आणि दुमड यांत जमीनअस्मानाचा फरक.

"काय फरक?" ताईनं विचारलं.

"दुमड आळसानं येते. टोपी विचारानं."

"आणि पाच मिनिटांत होते?"

"सहा."

ताई हातातलं भांडं ठेवून उभी राहिली. "म्हणजे वीस वर्षं दर रविवारी दोन दोन तास परसात जो आरसा व्हायचा, आणि मी तीन तीनदा जेवण गरम करायची, ते कशासाठी?"

दाजींनी पेटीचं कडं सरळ केलं. मग म्हणाले, "तुला धार कळत नाही."

"मला गरम करणं कळतं," ताई म्हणाली, आणि त्या रविवारी नाही केलं.

आता दाजी सर्रास टोपी काढतात. सहाचे साडेचार मिनिटांवर आलेत. पाचमिनिट्यानं समोरून विचारलं, "मिस्त्री, तुम्हाला आता काय म्हणायचं?" तर दाजी म्हणाले, "मिस्त्री." बाकी जगाबद्दल त्यांचं मत होतं तेवढंच खाली आहे. माझ्याबद्दलचं तर अजून खाली जायला जागा सापडली.

राहता राहिला तो दगड. त्या सहा मिनिटांत पाचमिनिट्याच्या मऊ दगडावर बोटभर रुंद चर पडला. आता त्यावर पातं सपाट बसत नाही. एक कोपरा घासला जातो, दुसरा तसाच राहतो. त्याला एका पात्याला पंधरा मिनिटं लागतात. दगड सपाट करणं अवघड नाही. काचेवर वाळू पसरायची, पाणी टाकायचं, तासभर दगड फिरवायचा. पण तो तास दाजींना समोरच्या बाकादेखत घालवावा लागेल, आणि तो कशासाठी चाललाय ते सगळ्या कारखान्याला कळेल.

मी म्हटलं, "द्या, मी करून देतो. चूक माझीच होती."

पाचमिनिटे म्हणाला, "तुम्ही नको, भाऊ. तुम्ही नीट करता." मग म्हणाला, "आणि शब्द कुणी दिलाय? ज्यानं दिलाय त्यानं करायचं."

पुढच्याच आठवड्यात दाजी डबा विसरले म्हणून ताईनं मला कारखान्यात पाठवलं होतं. पाचमिनिटे दगडावर पातं तिरकं धरून घासत होता.

"मिस्त्री, दगड?"

दाजी खिडकीकडे तोंड करून फळी रंधत होते. वळले नाहीत.

"काच बघतोय मी. चांगली काच मिळत नाही हल्ली."

"ही खिडकीची आहे की, काढा."

"तिच्यातून माझा उजेड येतो."

"मग कधी?"

"उद्या," दाजी म्हणाले.

याला आज सहा आठवडे झाले.